शत्रूला कळलेलं संसदेपासून कशाला लपवायचं? संरक्षणविषयक स्थायी समितीला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली

सन्माननीय सदस्यहो,

१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या शस्त्रविक्री पाहणाऱ्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावर एक छोटं निवेदन टाकलं. भारताला काय काय विकायचं याची यादी त्यात होती: ३१ एमक्यू-९बी ड्रोन, १७० हेलफायर क्षेपणास्त्रं, ३१० लहान व्यासाचे लेझर बॉम्ब, दिशादर्शनाचे १६१ संच, शत्रूचं संभाषण टिपणाऱ्या उपकरणांचे ३५ संच. अंदाजे किंमत ३९९ कोटी डॉलर. रावळपिंडीत किंवा बीजिंगमध्ये बसलेल्या कोणालाही ही यादी चहा पिता पिता वाचता येते. ठरावीक रकमेपुढची शस्त्रविक्री आपल्या लोकप्रतिनिधीगृहांना कळवायची, असा तिथला कायदा आहे. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ ला आपण करारावर सही केली. आता याच जातीचा तपशील आपल्याकडे माहिती अधिकारात मागून बघा. बहुतेक वेळा देशाच्या सुरक्षिततेच्या अपवादावर बोट ठेवून एका ओळीत उत्तर येतं: ‘कलम ८(१)(क) अन्वये माहिती देता येत नाही.’

शत्रूला जे माहीत आहे तेच नागरिकांपासून आणि पुष्कळदा संसदेपासूनही झाकायचं, ही आपल्याकडच्या ड्रोनविषयक गोपनीयतेतली मुख्य खोट आहे. आमच्यापैकी काही जण ड्रोन जोडतात, उडवतात आणि पडले की उघडून बघतात. काही जण संरक्षण खरेदीचे कागद वाचतात. हे पत्र तक्रारीचं कमी आणि कामाचं जास्त आहे.

झाकली मूठ सव्वालाखाची, हे संरक्षण खात्याचं जुनं धोरण. पाणबुडीच्या किंवा रडारच्या बाबतीत ते बऱ्यापैकी चालतं. ड्रोनच्या बाबतीत चालत नाही, कारण ड्रोन पडतो. लॉयटरिंग म्युनिशन, म्हणजे घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारा ड्रोन, तर शत्रूच्या अंगणात पडण्यासाठीच बनवलेला असतो. नागपुरात बनणाऱ्या नागास्त्र-१ मध्ये साधारण १ किलो स्फोटक असतं. एवढ्या स्फोटाने या वर्गातल्या ड्रोनचा पुढचा भाग जातो, पण मागची मोटर, पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी (सर्वो), अँटेनाची तार आणि पुष्कळदा सर्किट बोर्डाचा एखादा तुकडा शिल्लक राहतो. त्या तुकड्यावरच्या चिपवर बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह असतं, भाग क्रमांक असतो आणि चार आकडे असतात. ‘२३४१’ असेल तर चिप २०२३ च्या ४१ व्या आठवड्यातली. भिंग, चिमटा आणि एक दुपार, एवढ्यात समोरच्याची अर्धी पुरवठा साखळी कळते.

मे २०२५ मध्ये आपण नेमकं हेच केलं. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचं सरकारने दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत सांगितलं आणि अवशेषांच्या पहिल्या तपासणीवरून ते तुर्की बनावटीचे सोंगार असल्याचंही सांगितलं. १२ मे रोजी चिनी बनावटीच्या क्षेपणास्त्राच्या तुकड्यांची छायाचित्रं देशाला दाखवली. त्यांच्या भंगारातून आपण जे वाचतो, तेच ते आपल्या भंगारातून वाचतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सरावावर असलेलं आपलं एक छोटं मानवरहित विमान भिंबर गली भागातून नियंत्रण रेषेपलीकडे गेलं आणि सैन्यानेच तांत्रिक बिघाडाचं कारण दिलं. ते पलीकडे उतरल्यावर त्यातल्या भागांची नावं फक्त एकाच देशाच्या नागरिकांपासून गुप्त राहतात.

उलट उदाहरणही आहे. १८ सप्टेंबर २०२४ ला नौदलाने भाड्याने घेतलेल्या दोन एमक्यू-९बी पैकी एक चेन्नईजवळ समुद्रात गेलं. नौदलाने ते सांगितलं. सांगितल्यामुळे कोणतं आभाळ कोसळलं?

सगळं उघडं करा, असं आम्ही म्हणत नाही. रेडिओच्या वारंवारता आणि त्या बदलण्याचा क्रम, सांकेतिक किल्ल्या, तळांच्या जागा, सेन्सरची खरी पोच, दारूगोळा किती दिवस पुरेल याचे आकडे, चालकांची नावं, चालू मोहिमा हे सगळं झाकलेलंच राहावं. दारूगोळ्याच्या साठ्याबद्दलच्या २०१७ च्या लेखापरीक्षण अहवालावर जो गदारोळ झाला, त्यात सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. प्रश्न या यादीबाहेर जे उरतं त्याचा आहे: सुटे भाग कुठून आले, किती ड्रोन पडले आणि का, हल्ल्याचा हुकूम कोणी दिला, कोण मेलं.

सुट्या भागांपासून सुरुवात करतो, कारण तिथली गफलत अगदी हिशेबाची आहे.

संरक्षण खरेदी प्रक्रिया २०२० मध्ये ‘स्वदेशी’ हे किमतीवर मोजलं जातं. कराराच्या मूळ किमतीतून आयात माल, परदेशी सेवा, रॉयल्टी वजा करायची. उरेल ते स्वदेशी. सर्वोच्च प्राधान्याच्या वर्गाला किमान ५० टक्के लागतं. आता समजा, १० लाखांचा टेहळणी ड्रोन आहे. कार्बन फायबरची फ्रेम, जोडणी, पेटी, चार्जर, मजुरी, नफा मिळून सहा लाख देशातले. अट पूर्ण झाली. उरलेल्या चार लाखांत मोटरी, बॅटऱ्या, कॅमेरा यांच्याबरोबर रेडिओ मॉड्यूल आहे १५ हजारांचं, ऑटोपायलट बोर्ड २० हजारांचा, जीपीएस रिसीव्हर ५ हजारांचा. शेवटचे तीन मिळून ४० हजार, म्हणजे किमतीच्या ४ टक्के. ड्रोन कुठे जाणार आणि कोणाचं ऐकणार, हे या ४ टक्क्यांत ठरतं. कागदावर तो ६० टक्के भारतीय आणि आकाशात ज्याचं रेडिओ मॉड्यूल त्याचा.

९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. पूर्ण जोडलेला, अर्धवट जोडलेला, सुटा करून आणलेला, तिन्ही. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी अपवाद आहे आणि सुट्या भागांना बंदी नाही. २३ जुलै २०२० च्या आदेशाप्रमाणे सीमेला लागून असलेल्या देशांतल्या निविदाधारकांना आधी नोंदणी करावी लागते, पण तो आदेश निविदाधारकाकडे बघतो. बोर्डावरच्या चिपकडे नाही. दारात चौकीदार उभा आहे आणि माल खिडकीतून येतोय. चिनी भागांच्या संशयावरून २०२५ च्या सुरुवातीला सैन्याच्या ४०० मालवाहू ड्रोनांचे, सुमारे २३० कोटींचे करार रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. ती गोष्ट देशाला वर्तमानपत्रांतून कळली. कोणत्या भागात काय सापडलं, हे बाकीच्या उत्पादकांना अधिकृतपणे कळलं असतं तर निदान तो भाग दुसऱ्या कोणी वापरला नसता.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. प्रत्येक चिनी भाग म्हणजे हेर नव्हे. मोटर हेरगिरी करत नाही. तिच्यातले निओडायमियमचे चुंबक चीनमधून येतात आणि ते लवकर बदलणार नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा हे अवलंबित्व किती खोल आहे ते दिसलंच. मोटरीचा धोका पुरवठा तुटण्याचा आहे, माहिती फुटण्याचा नाही. बॅटरीच्या पेशींचंही तेच. म्हणून ‘किती टक्के चिनी’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ऑटोपायलटचा प्रोसेसर, जीपीएस रिसीव्हर, रेडिओ मॉड्यूल, व्हिडिओ पाठवणारा भाग, मोटरींचे वेगनियंत्रक, बॅटरीचं नियंत्रण आणि जमिनीवरच्या टॅबलेटमधलं ॲप, या सातांपैकी प्रत्येकाचा मूळ देश आणि त्यातलं सॉफ्टवेअर कोणाचं, एवढं समितीने मागावं. सात ओळींचा तक्ता. त्यात कुठलीही वारंवारता नाही, किल्ली नाही.

आणि तक्ता पुरवठादाराच्या शपथपत्रावरून भरू नये. चाचणीला आणलेला ड्रोन आणि पुरवठ्यात आलेला ड्रोन एकाच आतड्याचे असतील याची खात्री नसते. त्यामुळे नमुना डेपोत आलेल्या पेट्यांमधून, पेटी क्रमांक चिठ्ठीने काढून घ्यावा. बोर्डाचा एक्स-रे काढावा, कारण रेडिओची चिप पत्र्याच्या डबीखाली दडलेली असते. डबी उचकटल्यावर चिपवर ॲसिटोनचा बोळा फिरवावा. मूळ नाव घासून वर काळा थर देऊन नवं नाव छापलेलं असेल तर अनेकदा बोळा काळा होतो आणि खालचे ओरखडे दिसायला लागतात. मग जमिनीवरचा संच एका बंदिस्त नेटवर्कला जोडून चोवीस तास चालू ठेवायचा आणि तो कोणकोणते पत्ते शोधतो ते नोंदवायचं. ज्या ॲपला इंटरनेटची गरजच नाही ते रात्री तीन वाजता परदेशी सर्व्हर शोधत असेल तर पुढे विचारायला नको. शेवटी उड्डाण, तेही जीपीएस दाबून. नीट बनवलेला ड्रोन उपग्रह गेल्यावर उंची धरून ठेवतो, वाऱ्याबरोबर थोडा सरकतो आणि चालकाच्या हातात राहतो. कच्चा ड्रोन भरकटतो किंवा आपोआप उतरायला लागतो. समोरून खोटा जीपीएस सिग्नल सोडलेला असेल तर तो ‘घरी परत’ म्हणून निघतो आणि पलीकडे जाऊ शकतो.

याच्या जोडीला भौतिकशास्त्र आहे आणि त्याला गोपनीयतेची फिकीर नाही. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के राहते. तेवढंच वजन तरंगत ठेवायला साधारण पाव पट जास्त शक्ती लागते आणि पंखे तेवढेच जास्त वेगाने फिरवावे लागतात. म्हणजे मोटरी आधीच दमलेल्या. उणे २० अंशांत लिथियम बॅटरी आपली क्षमता पूर्ण देत नाही आणि जोर पडला की व्होल्टेज एकदम खाली बसतं. मैदानात ४० मिनिटं उडालेला ड्रोन लडाखमध्ये २० मिनिटांत खाली येऊ शकतो, तोही परतीच्या वाटेवर. अशा पडझडीच्या अहवालावर ‘गोपनीय’ शिक्का बसला की एका तुकडीने शिकलेला धडा शेजारच्या तुकडीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि उत्पादकांपर्यंत तर तो पोचतच नाही. नागरी विमान पडलं तर अपघात अन्वेषण विभाग त्याचा अहवाल प्रसिद्ध करतो. सैन्याच्या ड्रोनसाठी निदान कारणांची वर्गवारी तरी प्रसिद्ध व्हावी.

उघडपणाने काय साधतं याचं एक उदाहरण आपल्याच कागदांत आहे. मार्च २०१० मध्ये हवाई दलाने मानवरहित विमानांसाठी पाच रोटॅक्स इंजिनं प्रत्येकी ८७.४५ लाखांना घेतली. एप्रिल २०१२ मध्ये डीआरडीओच्या प्रयोगशाळेने तशीच इंजिनं २४.३० लाखांना घेतली. फरक ६३.१५ लाखांचा, पाच इंजिनांचे ३.१६ कोटी. महालेखापरीक्षकांच्या सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आलेल्या अहवालात हे आहे, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की पुरवलेली इंजिनं प्रमाणित नव्हती आणि ती बसवलेल्या विमानांना अपघात झाले. पैसे जास्त गेले ते गेले, वर विमानंही पडली. हे हिशेब तपासनिसाने शोधलं. गोपनीयतेच्या पडद्याआड आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

असं असताना, संरक्षणाचे लेखापरीक्षण अहवाल संकेतस्थळावर न टाकण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतल्याचं तत्कालीन महालेखापरीक्षकांनी २०२० मध्येच सांगितलं होतं. अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला जातो, म्हणजे तो सार्वजनिकच असतो. ज्या देशाला तो हवाय त्याचा दूतावास दिल्लीतच आहे. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या वाचकाला मात्र तो मिळत नाही.

आता हल्ल्याकडे येतो. इथे चुकीची किंमत पैशात मोजता येत नाही.

‘निर्णय माणूसच घेतो’ हे वाक्य आपण नेहमी ऐकता. ते कितपत खरं, हे भूमितीवर अवलंबून असतं. चालकाच्या अँटेनाची उंची २ मीटर आणि ड्रोन १०० मीटरवर असेल तर सपाट जमिनीवर रेडिओ सिग्नल सुमारे ४७ किलोमीटरपर्यंत पोचू शकतो. ड्रोन लक्ष्यावर झेपावून ५ मीटरवर आला की हेच अंतर १५ किलोमीटरवर येतं, आणि मध्ये टेकडी, झाडी, घरं असतील तर त्याहून खूप कमी. म्हणजे १२-१५ किलोमीटरवरच्या लक्ष्यावर झेप घेताना चालकाचं चित्र नेमकं शेवटच्या दोनतीन सेकंदांत फाटतं किंवा जातं. त्या क्षणी ड्रोनने काय करायचं? पकडलेल्या आकृतीचा पाठलाग करत राहायचं, की वर उचलून झेप सोडून द्यायची? हे कोणीतरी आधीच सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेलं असतं. ते कोणी लिहिलं, कोणत्या नियमाने, आणि कोणी तपासलं, हे समितीला माहीत असायला हवं. २२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत स्वयंचलित शस्त्रांवरच्या ठरावाच्या बाजूने १५२ देश होते आणि विरोधात ४. त्या चौघांत भारत होता. ही चर्चा जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांच्या करारातच व्हावी, ही आपली भूमिका विचार करण्यासारखी आहे. पण मग निदान आपल्या सैन्याची स्वतःची व्याख्या काय, हे एका परिच्छेदात तरी देशाला सांगितलं पाहिजे.

चित्र पूर्ण असतानाही चूक होते. काबूल, २९ ऑगस्ट २०२१. अमेरिकी ड्रोनांनी एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर सुमारे आठ तास नजर ठेवली. गाडीत चढवलेले पाण्याचे डबे त्यांना स्फोटकं वाटले. एक हेलफायर सुटलं. १० जण गेले, त्यात ७ मुलं. गाडी चालवणारा मदतसंस्थेत काम करणारा माणूस होता. सुरुवातीला सैन्याने हल्ला योग्यच असल्याचं सांगितलं. पत्रकारांनी चित्रफिती आणि साक्षीदार जुळवल्यावर १७ सप्टेंबरला चूक कबूल झाली. नंतरच्या चौकशीत निघालं की हल्ल्याच्या दोन मिनिटं आधीच्या चित्रफितीत एक मूल दिसत होतं. आठ तास ‘संशयित’ म्हणून बघितलेल्या गाडीच्या परिसरात शेवटच्या दोन मिनिटांत मूल दिसलं, तरी डोळ्यांना ते दिसत नाही. वरून बघताना दृष्टिक्षेत्र नळीतून बघितल्यासारखं अरुंद असतं, उपग्रहामार्गे येणारं चित्र क्षणभर शिळं असतं, आणि मनाने ठरवलेलं असतं. कबुली दिली म्हणून अमेरिकेला फार शाबासकी द्यायला नको. कोणालाही शिक्षा झाली नाही आणि ओबामांच्या २०१६ च्या आदेशातली नागरिकांच्या मृत्यूचे वार्षिक आकडे देण्याची अट ट्रम्प यांनी मार्च २०१९ मध्ये काढून टाकली. पण तिथे निदान काढून टाकायला एक अट होती.

आपल्याकडे? १३ जुलै २०२५ रोजी आसाममधल्या उल्फा (स्वतंत्र) या बंडखोर संघटनेने म्यानमारच्या सागाइंग भागातल्या आपल्या तळांवर पहाटे भारताने शंभरहून अधिक ड्रोनांनी हल्ला केल्याचा आणि आपला एक वरिष्ठ कमांडर मारला गेल्याचा दावा केला. अशा कारवाईची माहिती नाही, असं सैन्याच्या प्रवक्त्यांनी सांगितलं. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी आसाम पोलिसांचा त्यात भाग नसल्याचं सांगितलं. छत्तीसगडच्या विजापूर-सुकमा पट्ट्यातून, म्हणजे गडचिरोलीहून इंद्रावती ओलांडली की लागणाऱ्या मुलखातून, २०२१ पासून ड्रोनने बॉम्ब टाकल्याचे आरोप अनेकदा झाले आणि पोलिसांनी ते नाकारले. यांत खरं कोण, हे या पत्रात ठरवायचं कारण नाही. हल्ला झाला असेल तर कुणीतरी सही केली आहे, आणि झाला नसेल तर त्या रात्रीच्या उड्डाणांच्या नोंदी तेच सांगतील. दोन्ही बाबतींत बंद दाराआड बघायला कागद असला पाहिजे. तो आहे का, एवढंच आपण विचारा.

अशा नोंदी विश्वासार्ह राहाव्यात म्हणून आम्ही एक साधी पद्धत सुचवतो. ऑटोपायलट प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतो: जागा, कल, वेग, सिग्नलची ताकद, चालकाने कोणती कळ कधी दाबली, शस्त्र कधी सज्ज केलं. कोसळणाऱ्या ड्रोनमधली नोंद स्फोटात जाते, म्हणून तिची प्रत जमिनीवरच्या संचात, चित्रफितीसह साठवणं सक्तीचं हवं. उड्डाण संपलं की त्या फायलीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्यावरून गणिताने निघणारी ओळखखूण, काढायचा. फाइल कितीही मोठी असो, ठसा ६४ अक्षरांचा असतो, आणि फायलीत एक बिंदू बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. ठशावरून फायलीतलं काहीही कळत नाही. ना जागा, ना वेळ, ना लक्ष्य. हे ठसे दर आठवड्याला समितीच्या सचिवालयाकडे बंद पाकिटात द्यावेत. खोटे ठसे मिसळून दिले तर उड्डाणांची संख्याही कळणार नाही. दोन वर्षांनी चौकशी लागली आणि फाइल समोर आली, तर ती तीच आहे की मधल्या काळात ‘दुरुस्त’ झाली, हे पाच मिनिटांत कळेल. खर्च जवळपास शून्य. याला विरोध करताना राष्ट्रीय सुरक्षेचं कारण कोणी दिलं, तर ते लेखी घ्यावं.

बचावाच्या बाजूलाही असाच एक रिकामा रकाना आहे. ९ मे २०२५ च्या रात्री फिरोजपूर जिल्ह्यातल्या एका घरावर ड्रोन किंवा त्याचा भाग कोसळला, कुटुंबातले तिघं भाजले आणि त्यातल्या एका महिलेचा नंतर रुग्णालयात मृत्यू झाला. जुलैमध्ये संरक्षणदल प्रमुखांनी १० मेच्या ड्रोनांबद्दल सांगितलं की त्यांनी लष्करी किंवा नागरी पायाभूत सुविधांचं नुकसान केलं नाही. वाक्य १० तारखेबद्दल होतं आणि सुविधांबद्दल होतं, त्यामुळे ते खोटं ठरत नाही. पण माणसांबद्दलचं वाक्य कुठे आहे? विमानविरोधी तोफा शेकडो गोळे आकाशात सोडतात. ते वर फुटले तरी तुकडे खाली येतात. न फुटलेला गोळा शेतात पडतो आणि नांगरणीच्या वेळी सापडतो. एखाद्या घरावर पडलेलं लोखंड शत्रूच्या ड्रोनचं, पाडलेल्या ड्रोनचं की आपल्याच गोळ्याचं, यावर भरपाई कुठल्या लेखाशीर्षाखाली द्यायची ते अवलंबून असतं, आणि ते पहिल्या ४८ तासांत ठरलं नाही तर भंगारवाला ठरवतो. सीमावर्ती जिल्हाधिकाऱ्यांकडे यासाठी एक नोंदवही असावी: वेळ, जागा, तुकड्यांचं वजन आणि छायाचित्र, जखमी, तपासणाऱ्याची सही. शत्रूला यातून काय मिळणार? त्याचे ड्रोन कुठे पडले ते त्याला आपल्या वाहिन्यांनी आधीच दाखवलेलं असतं.

देशाच्या आतला एक प्रश्न फक्त नोंदवून ठेवतो. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी आंदोलक शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. पंजाबने आपल्या हद्दीत ड्रोन आल्याबद्दल आक्षेप घेतला. किती उंचीवरून, किती वजनाचं नळकांडं, गर्दीवर टाकायला परवानगी कोणाची, याचे प्रसिद्ध नियम असायला हवेत. ड्रोन नियम २०२१ मधून सरसकट सूट तिन्ही सैन्यदलांना आहे, पोलिसांना नव्हे, हे इथे आठवावं.

समितीच्या हातात काय आहे, हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्या बैठका बंद दाराआड होतात. म्हणजे गुप्ततेचा भंग होईल, हे कारण तिथे मुळातच लागू होत नाही. लोकसभेच्या नियम २७० प्रमाणे आपण व्यक्ती आणि कागदपत्रं बोलावू शकता. त्याच नियमात देशाच्या सुरक्षिततेला बाधा येईल म्हणून कागद नाकारायची मुभा सरकारला आहे, हेही खरं. पण नकार द्यायला लावणं हेही एक काम आहे. कोणता कागद, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने नाकारला, याची यादी अहवालाच्या शेवटी छापायला नियम आड येत नाही.

माहिती अधिकाराच्या बाबतीतही कायदा वाटतो तेवढा कोता नाही. कलम १० प्रमाणे गुप्त भाग वगळून उरलेला द्यायचा असतो. कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणं द्यावी लागतात आणि कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते. कलम ८(२) प्रमाणे जनहित मोठं असेल तर १९२३ चा गोपनीयता कायदाही आड येत नाही. डीआरडीओ आणि सीमा सुरक्षा दल दुसऱ्या अनुसूचीत असल्याने बाहेर आहेत, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांना ती सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने राफेलच्या कागदांबाबत १० एप्रिल २०१९ ला, पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबाबत २७ ऑक्टोबर २०२१ ला आणि मल्याळम वाहिनीच्या परवान्याबाबत ५ एप्रिल २०२३ ला, राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द उच्चारला की न्यायालयाने गप्प बसायचं असं नाही, हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. संरक्षण मंत्रालयाने वर्षभरात ८(१)(क) किती वेळा लावलं आणि त्यातल्या किती नकारांत एका ओळीपेक्षा जास्त कारण होतं, हे आपण विचारल्यावर एका आठवड्यात मोजता येईल.

पुढच्या अनुदान मागण्यांवरच्या अहवालात एक पानाचं परिशिष्ट जोडावं, एवढी तातडीची विनंती. वर्षभरात तिन्ही दलांनी किती ड्रोन गमावले याचं प्रमाण, हवं तर आकडा न देता टक्क्यांत, आणि त्याची कारणं: हवामान आणि उंची, बॅटरी, संपर्क तुटणं, जॅमिंग (मुद्दाम सिग्नल दाबणं), निकृष्ट भाग, चालकाची चूक, शत्रूचा मारा. शेवटी ‘कारण माहीत नाही’ असा एक रकाना. तो छापायला मंत्रालयाने संकोच करू नये. पहिल्या वर्षी बहुधा तोच सर्वांत मोठा निघेल, आणि पुढच्या वर्षीच्या साक्षीला तिथूनच सुरुवात करता येईल.

आपले,
ड्रोनबांधणी, चाचणी आणि संरक्षण हिशेब यांत काम करणारे काही नागरिक
पुणे